सातची मीटिंग, शेवटची एसटी

या महिन्याच्या टपालात दारू सोडण्याविषयीची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेक पत्रांतलं विचारणं एकच आहे: दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप असतो म्हणे, तो कुठे भरतो, तिथे काय करतात आणि आमच्या वाडीतून तिथवर जायचं कसं? पत्रलेखकांची नावं गाळली आहेत आणि एकदोन ठिकाणी तालुकाही मुद्दाम बदलला आहे. उत्तरं व्यसनमुक्तीच्या कामातल्या आमच्या सल्लागारांची.

माझे यजमान ४८ वर्षांचे. बारा वर्षं रोज दोन क्वार्टर, रविवारी तीन. आता स्वतःहून म्हणतात, ‘सोमवारपासून बंद. मला त्या मीटिंगला घेऊन चल.’ सोमवारी थेट मीटिंगलाच न्यावं का? — गुहागर

मीटिंगला जरूर न्या. पण सोमवारी दारू एकदम तोडायची असेल, तर त्याआधी डॉक्टर गाठा. हा क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. नेहमीच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर एका क्वार्टरमधून साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. दोन क्वार्टरचे १२० ग्रॅम, रोज, बारा वर्षं. दारू मेंदूला दाबून ठेवते आणि त्या दाबाला रेटा देत काम करायची मेंदूला सवय लागते. दाब एका दिवसात काढला की रेटा तेवढा उरतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. आकडी यायची असेल तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. सगळ्यात धोक्याचा टप्पा त्यानंतरचा, साधारण ४८ ते ९६ तासांचा. माणसाला वेळकाळाचं भान राहत नाही, भिंतीवर किडे चालताना दिसतात, खोलीत नसलेल्या माणसांशी तो बोलू लागतो, अंग तापतं. वाडीत याला ‘बाहेरचं’ म्हणतात, अंगारा लावतात आणि इस्पितळात जायचे तास निघून जातात. घरच्यांची नेहमीची चूक म्हणजे दोन दिवस निभावले की ‘सुटली बुवा’ म्हणून निर्धास्त होणं. खरी जागरणं तिसऱ्या-चौथ्या रात्रीची असतात.

डॉक्टरांना ‘थोडी घेतात’ असं मोघम सांगू नका. रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, पूर्वी बंद केल्यावर आकडी किंवा भ्रम झाला होता का, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. आकडी किंवा भ्रम पूर्वी झाला असेल तर घरी बंद करायचा विचारच सोडा, दाखल करा. नसेल तर डॉक्टर बहुधा आठवडाभर उतरत्या मात्रेत गोळ्या देतात. त्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांवर भागवू नका.

आणखी एक. आपल्याकडे ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ हा हट्ट फार. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बहुधा फार कमी उरलेलं असतं. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत जायला हवं. ‘थायमिन दिलंय का?’ हे विचारायला संकोचू नका. आकडी आली किंवा बडबड सुरू झाली, तर १०८ ला फोन करा.

हात स्थिर झाले, दोन घास पोटात राहू लागले की मीटिंगला न्या. महिनाभर थांबू नका. इस्पितळातून सुटल्यावरचा पहिला आठवडा सगळ्यात मोकळा आणि म्हणून सगळ्यात अवघड असतो.

राजापूरच्या पुढे वीस किलोमीटरवर आमचं गाव. ग्रुप शोधायचा कसा? — राजापूर

आधी १४४४६. हा केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्तीसाठीचा नि:शुल्क क्रमांक. जवळचं केंद्र कुठलं, ते तिथे विचारा. दुसरा १४४१६, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा. रात्री दोन वाजता घालमेल झाली तर हा लावायचा, मराठीत बोलता येतं.

ग्रुप म्हणजे बहुतेक वेळा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलण्यात नुसतं ‘एए’. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूपायी बुडालेले, एकमेकांशी बोलत कोरडे, म्हणजे दारूविना, राहिले, तिथून हे सुरू झालं. भारतात एए १९५७ पासून आहे. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगची यादी मिळते. यादीत नाव दिसलं म्हणून लगेच गाडीत बसू नका. लहान गावातले ग्रुप चारपाच माणसांवर उभे असतात. दोघांची बदली झाली, एक मुंबईला मुलाकडे गेला की मीटिंगचा वार बदलतो किंवा ती बंदच पडते, यादी मात्र तशीच राहते. आधी फोन करा आणि एवढं विचारा: मीटिंग या आठवड्यात नक्की भरणार आहे का, खुली (कुणालाही बसता येईल अशी) आहे की बंद (फक्त दारूचा त्रास असलेल्यांची), मराठीत चालते का, शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये असेल तर कुठल्या दरवाजाने यायचं, आणि किती वाजता सुटते. ‘मी पहिल्यांदाच येतोय’ हेही सांगा. नाक्यावर उभं राहून नव्या माणसाला आत घेऊन जायला बहुतेक ग्रुपमधलं कुणीतरी तयार असतं.

यादीत काही नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. रत्नागिरी, ओरोस, अलिबाग, जे जवळ पडेल ते. रत्नागिरीत राज्य सरकारचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. नावाला बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात नुसती विचारपूस करायला गेलात म्हणून कुणी आत ठेवून घेत नाही. तिथल्या समाजसेवकांना जिल्ह्यात कुठे काय चालू आहे ते तोंडपाठ असतं, ते संकेतस्थळावर सापडायचं नाही.

आता खरी अडचण. मीटिंग सातची, सुटायला साडेआठ, आणि तुमच्या गावाकडची वस्तीची गाडी त्याआधीच स्टँडवरून हललेली. कोकणात ग्रुप सुटण्याची कारणं मोजली तर इच्छाशक्तीच्या बरोबरीने शेवटची एसटी येईल. म्हणून पहिल्याच दिवशी मीटिंग चालवणाऱ्याला सांगून ठेवा की मला पावणेआठला उठावं लागेल. कुणी वाईट मानत नाही. दुपारची किंवा रविवार सकाळची मीटिंग मिळाली तर ती धरा आणि बाजारहाट त्याच दिवसावर टाका, म्हणजे भाडं एकदाच पडतं. आठवड्यातून एक मीटिंग अशी समोरासमोर आणि बाकीच्या फोनवरून. कोविडपासून ऑनलाइन मराठी मीटिंगही भरतात. रेंज कमी असेल तर चित्र बंद ठेवून नुसता आवाज ऐका. घरात भिंतीला कान असतील तर इयरफोन लावून आगराच्या टोकाला जाऊन बसा.

मुंबईत कामाला असलेल्यांनी गावच्या ग्रुपची वाट बघत बसू नये. मुंबई-ठाण्याकडे मीटिंग पुष्कळ आहेत. तिथे बस्तान बसवा आणि गणपतीला गावी जाताना दोन फोन नंबर खिशात घेऊन जा.

पहिल्या मीटिंगमध्ये काय करतात? उठून सगळं सांगावं लागतं का? फी किती? — कणकवली

फी नाही, नोंदणी नाही, आधार कार्ड नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. ती पक्की असावी असंही नाही, धुगधुगी पुरते.

खोली साधी असते. शाळेचा वर्ग, दहाबारा बाकं किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टांगलेले बारा पायऱ्यांचे (दारूतून बाहेर पडायची एएची वाट) आणि बारा परंपरांचे (ग्रुप चालवायचे नियम) फलक, टेबलावर पुस्तकं आणि चहाची किटली. त्या दिवशी मीटिंग चालवणारा सभासद सुरुवातीचा मजकूर वाचतो, थोडा वेळ शांतता किंवा प्रार्थना होते आणि मग एकेक जण बोलतो: ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे.’ नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. बोलणारा स्वतःचं सांगतो, दुसऱ्याला उपदेश करत नाही. मधेच कुणी तोडत नाही, उलट प्रश्न विचारत नाही. हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण आपल्या बैठकीत माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच चार जण सल्ला देतात. इथे तुमचं बोलून झालं की ‘थँक्यू’ म्हणतात आणि पुढचा सुरू होतो. एकूण तास-दीड तास.

तुमची पाळी आली की ‘माझं नाव अमुक, आज ऐकायला आलोय’ एवढं म्हणून बसा. तेही नको असेल तर मान हलवा, पाळी पुढे सरकते. मधे एक पिशवी किंवा डबा फिरतो. जागेचं भाडं आणि चहा सभासदांच्या पैशातून भागवायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही, ही एएची सातवी परंपरा. दहा-वीस रुपये टाका. पहिल्या दिवशी काहीच टाकलं नाही तरी चालतं.

खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कुणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांची. सोबत कुणाला नेणार असाल तर हे आधी बघा, नाहीतर सोबत्याला दीड तास बाहेर पायरीवर बसावं लागेल. त्या दिवशी प्यायलेले असाल तरी बहुतेक ग्रुप बसू देतात, फक्त ‘आज ऐका, बोलू नका’ म्हणतात.

पहिली मीटिंग आवडेलच असं नाही. कुणीतरी लांबण लावतं, कुणी तेच ते सांगतं, सगळे आपल्यापेक्षा म्हातारे वाटतात. एका मीटिंगवरून ग्रुप जोखू नका. निदान सहा वेळा जा, जमलं तर दोन वेगळ्या ग्रुपमध्ये. साधारण तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी तुमचीच गोष्ट सांगतो, अगदी बाटली तांदळाच्या कणगीत लपवण्यापर्यंत. त्या माणसाचा नंबर मागून घ्या. पुढे बारा पायऱ्यांतून हात धरून नेणारा जुना सभासद, म्हणजे स्पॉन्सर, बहुधा असाच मिळतो.

मी देव मानत नाही. तिथे प्रार्थना असते असं ऐकलं. — चिपळूण

असते. पायऱ्यांमध्ये ‘आपल्याहून मोठी शक्ती’ असा शब्द आहे आणि ती कुठली हे ज्याचं त्याने ठरवायचं असं पुढे स्पष्ट म्हटलं आहे. कित्येक जण ग्रुपलाच ती शक्ती मानतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तर कुणी हटकणार नाही. पटलंच नाही, तर व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट पायऱ्यांवाचूनही चालतात. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने, जे १९८६ मध्ये सुरू झालं, कोकणातून गेलेल्या पुष्कळ रुग्णांना असा आधार दिला आहे.

उपयोग होतो का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले. एएच्या वाटेला पद्धतशीर लावून दिलेल्यांपैकी वर्षभरानंतर पूर्ण कोरडे असलेले शेकडा ४२ भरले, इतर मान्य उपचार घेतलेल्यांत ३५. जादू नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीला हा आकडा कमी नाही.

मी स्वतः पिते. नोकरी शाळेत. नवऱ्याला माहीत आहे, गावाला नाही. मीटिंगला गेले तर दुसऱ्या दिवशी बाजारात कळेल. — सावंतवाडी

तुमची भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. ‘इथलं इथेच राहतं’ हा मीटिंगमधला दंडक आहे आणि तो बहुतेक जण पाळतात, कारण प्रत्येकाचं झाकलेलं तिथे सारखंच असतं. तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर तेही त्याच कामासाठी आलेलं असतं. पण दंडक खोलीपुरता. खोलीबाहेरच्या गोष्टी तुम्हीच सांभाळायच्या.

गावात माणसाआधी त्याची गाडी ओळखतात. स्कूटर हॉलसमोर लावू नका, स्टँडवर किंवा बाजारात लावून चालत जा. मीटिंग शेजारच्या तालुक्यातली निवडा. ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घाईने जाऊ नका. तिथे तुमचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो आणि त्यात कुणाचं कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. ऑनलाइन मीटिंगला जाताना आधी पडद्यावरचं नाव बदला. फोनमध्ये पूर्ण नाव भरलेलं असेल तर तेच आडनावासकट सगळ्यांसमोर झळकतं, आणि हे लक्षात येतं तेव्हा वीस जणांनी वाचलेलं असतं. घरातल्या कुणाच्या फोनवरून जाणार असाल तर त्यांचं नाव दिसेल, हेही ध्यानात ठेवा.

लहान गावच्या मीटिंगमध्ये बहुधा सगळे पुरुषच असतात. फोनवर तसं विचारून घ्या आणि पहिल्या खेपेला खुल्या मीटिंगला यजमानांना घेऊन जा. फक्त स्त्रियांच्या मीटिंगही ऑनलाइन भरतात, तुमच्यासाठी सुरुवात तिथून सोपी. स्पॉन्सर बाईच असावी, हा संकेत आहे आणि शहाणपणाचा आहे. ‘मी एकटाच मदत करतो, रात्री कधीही फोन कर’ असं म्हणणारा पुरुष सभासद कितीही सज्जन वाटला तरी नको म्हणा. डॉक्टरांकडे जाताना मात्र लपवू नका. बाईच्या शरीरात तेवढ्याच दारूने यकृत लवकर बिघडतं आणि दाखवायला उशीर झालेला असतो.

मी बोटीवर असतो. किनाऱ्याला आलो, हिशेब झाला की पिणं होतं. समुद्रात गेल्यावर पीत नाही. मला मीटिंग कशी जमणार? — हर्णै

‘समुद्रात पीत नाही’ हे तुम्ही जमेच्या बाजूला लिहिलं आहे, आम्हाला त्याचीच काळजी वाटते. जेटीवर चार दिवस सतत पिऊन बोट सुटली की आकडीचे ते पहिले ४८ तास नेमके पाण्यात येतात. डेकवर, ओल्या दोरांमध्ये, विंचजवळ, जिथून इस्पितळ कित्येक तासांवर. बोट सुटल्यावर दुसऱ्या दिवशी हात थरथरत असतील, तर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, स्पष्ट सांगा आणि त्या फेरीत विंचपासून आणि काठापासून लांब राहा. पुढच्या फेरीआधी डॉक्टरांना दाखवा.

मीटिंगसाठी तुमच्याकडे इतरांकडे नसलेली एक सोय आहे: १ जून ते ३१ जुलैची मासेमारीची बंदी. एएत नव्या माणसाला ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग’ असं सांगायची पद्धत आहे. कोकणात ते कुणालाच जमत नाही, पण बंदीच्या ६१ दिवसांत तुम्ही बरेच जवळ जाल. डॉक्टरांचे उपचार मेच्या शेवटच्या आठवड्यात उरकून घ्या, म्हणजे बंदीचा पहिला दिवस कोरडा मिळेल. नाहीतर तेच दोन महिने जाळी शिवता शिवता अड्ड्यावर जातात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नारळी पौर्णिमेनंतर वेळापत्रक बदला. बोट सुटण्याआधी स्पॉन्सरला एक फोन आणि जेटीला लागल्यावर, हिशेबाच्या आधी, दुसरा. रेंज येते तिथून, बंदर दिसायला लागलं की लावा, उतरल्यावर नव्हे. उतरल्यावर मित्र भेटतात. हिशेबाचे पैसे हातात रोख घेऊ नका. मालकाला सांगून घरच्यांच्या खात्यात जमा करायला लावा. गल्ल्यात आणि खात्यात फरक एवढाच की खात्यातून काढायला चार पावलं जास्त चालावं लागतं. बोटीवर एएची छोटी पुस्तिका नायलॉनच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. दारू पोटात गेली की त्रास होतो अशी गोळी (डायसल्फिराम) डॉक्टरांनी चालू केली असेल तर तांडेलाला तेही माहीत हवं.

एका जाहिरातीत वाचलं, चहातून द्यायची पूड मिळते, पिणाऱ्याला कळतही नाही. देऊ का? नाहीतर भाऊ म्हणतात, हातपाय बांधून केंद्रात टाकू. — म्हसळा

पूड देऊ नका. अशा काही पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. हे औषध अंगात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस त्यात जाऊ शकतो. डॉक्टर ते देतात, पण तपासण्या करून, शेवटच्या दारूनंतर निदान बारा तासांनी आणि घेणाऱ्याला सगळं समजावून. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला ठाऊकच नाही तो कसा जपणार? शिवाय एक दिवस त्याला कळतं, आणि मग तो तुमच्या हातचा चहाही पीत नाही.

बांधून नेण्याबद्दल: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे. संमतीविना दाखल करायची त्यात काटेकोर वाट आहे आणि ती मानसोपचारतज्ज्ञामार्फत जाते. ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ म्हणणारं केंद्र दिसलं तर त्याची नोंदणी विचारा, तिथे डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का, ते विचारा. उत्तर टाळलं तर तुम्हीही ते केंद्र टाळा.

दरम्यान तुम्ही स्वतः अल-अ‍ॅनॉनला जा. हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा ग्रुप. पिणारा तयार नसला तरी जाता येतं, हेच त्याचं मोल. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे तुम्हाला बाटल्या शोधणं, उधारी फेडणं, साहेबांना ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, हे सगळं एकेक करून सोडायला शिकवतात. त्यातला शेवटचा फोन बंद करणं सर्वांना सगळ्यात जड जातं.

आठ महिने बंद होती. राखणीच्या वेळी गावकरांनी तीर्थ म्हणून ओंजळीत दिली, नाही म्हणता आलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस पीत होतो. आता कुठल्या तोंडाने मीटिंगला जाऊ? — कुडाळ

त्याच तोंडाने, याच आठवड्यात. ‘अमुक तारखेला घसरलो’ एवढं म्हणा. खोलीतल्या निम्म्या माणसांनी ते वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं असतं. आठ महिने वाया गेले नाहीत, तेवढा काळ कसं राहायचं ते तुम्हाला येतं. एक सावधगिरी: पंधरा दिवस रोज प्यायला असाल तर पुन्हा बंद करतानाही डॉक्टर हवेत. आणि इतक्या काळाच्या खंडानंतर शरीराला जुनी मात्रा पेलत नाही. ‘पूर्वी एवढी पचायची’ म्हणून तेवढीच घेतली, तर ती जीवघेणी ठरू शकते.

राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, दारू दाखवायची रीत आपल्याकडे आहे आणि गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रिवाजात, मोडता घालणं सोपं नाही. पण दाखवणं निराळं आणि पिणं निराळं. पुढच्या वर्षी आठ दिवस आधी, एकट्यात, गावकरांना गाठा आणि ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ असं सांगा. हे खोटं नाही. मान तुमच्या घराचा असेल तर तो धाकट्या भावाच्या हातून पुरा करता येतो, नारळ तुम्ही ठेवा. ऐन वेळी, सगळ्या मानकऱ्यांसमोर नाही म्हणायला जाल तर हरालच.

शिमग्याचंही तेच. पालखी घरी येणार त्या रात्री हातात कोकम सरबताचा गिलास आधीपासून धरा. रिकामा हात दिसला की कुणीतरी भरतोच. उपाशी राहू नका, भूक आणि थकवा हे तहानेचेच भाऊ. नमन बघायला बसाल तेव्हा मांडाच्या मागे, अंधारात, नको. बायाबापड्यांच्या आणि पोरांच्या बाजूला बसा, तिथे बाटली फिरत नाही. आणि ग्रामदेवतेपुढे घातलेली शपथ मोडली म्हणून देव कोपला असेल तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात दिसतो. गाऱ्हाणं पुन्हा घालता येतं. शपथ जन्मभराची घेण्यापेक्षा रोज सकाळी त्या दिवसापुरती घ्या. मीटिंगमध्येही हेच सांगतात.

आमच्या भागात ग्रुपच नाही. आम्ही दोघे सहा महिने कोरडे आहोत. आम्ही सुरू केला तर चालेल का? — देवगड

चालेल. दारू सोडायची म्हणून दोनतीन जण एकत्र बसले की एएच्या रीतीने तो ग्रुप होतो. जवळच्या जुन्या ग्रुपला कळवा. ते सुरुवातीचा वाचायचा मजकूर, फलक, पुस्तकं देतील आणि पहिल्या काही मीटिंगना एखादा जुना सभासद पाठवतील. तुम्ही दोघे अजून कोवळे आहात, त्याची गरज लागेल.

जागा घेताना ग्रामपंचायतीचं सभागृह, पक्षाचं कार्यालय, एखाद्या पुढाऱ्याची ओसरी टाळा. फुकट मिळाली तरी टाळा. तिथे जाणारा माणूस कुणाच्या गटाचा हे गाव आधी ठरवतं. शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली बरी. भाडं थोडं का होईना द्या आणि पावती घ्या. कुणी पंखा दान करून त्यावर नाव घालायचं म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका. आठवडा बाजाराचा दिवस निवडलात तर लांबच्या वाड्यांतली माणसं एसटीने येऊन एसटीनेच परत जातील. त्यासाठी संध्याकाळच्या सातऐवजी दुपारचे तीन ठेवा.

जून ते सप्टेंबर उपस्थिती पडते. पावसाळ्यात तसं व्हायचंच, खचून जाऊ नका. वीज जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा खोलीतच ठेवा. किल्ली दोघांकडे वेगवेगळी असू द्या. एकाच्या घरी कार्य निघालं आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली, त्या दिवशी नेमका कुणीतरी सहा किलोमीटर भिजत पहिल्यांदा येतो आणि कुलूप बघून परत जातो. काही आठवडे तुम्ही दोघेच असाल, कधी एकटेच. तरी दार उघडा, दिवा लावा, मजकूर वाचा आणि चार वाजेपर्यंत बसा.